धास्ती मोजायची कशी, आठवण घडवायची कशी: परीक्षार्थींसाठी सहा आठवड्यांचा आराखडा

पेपर हातात पडतो, पहिलाच प्रश्न ओळखीचा असतो, आणि काल रात्री घडाघडा म्हटलेलं उत्तर काही केल्या आठवत नाही. पेपर देऊन जिना उतरताना मात्र ते शब्दन् शब्द आठवतं. म्हणजे माहिती डोक्यात होती, फक्त हवी तेव्हा हाताला लागली नाही. दहावी-बारावीची मुलं, नीटची तयारी करणारे, पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीसाठी वर्षानुवर्षं बसलेले तरुण, सगळ्यांकडून ही तक्रार ऐकू येते. घरचे त्यावर दोन सल्ले देतात: ‘टेन्शन घेऊ नकोस’ आणि ‘अजून पाठांतर कर’. पहिला सल्ला ठरवून पाळता येत नाही. दुसरा पाळला तरी, पाठांतराची पद्धत जुनीच असेल तर, फार थोडा फायदा होतो.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. चिंता आणि विसर यांचे दोन वेगळे इलाज शोधू नका. दोन्ही मोजा, आणि आठवणीला असा सराव द्या की ती धास्तीतही टिकेल. असा सराव असतो, आणि त्यामागे बरंच संशोधन आहे.

आधी हे का घडतं ते पाहू. एखादं गणित सोडवताना किंवा उत्तराची जुळवाजुळव करताना लागणारी माहिती आपण काही क्षण मनात धरून ठेवतो. या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ती फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा साधारण ७ घटकांची सांगितली होती. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती ४ च्या आसपास आणली. ‘नापास झालो तर’, ‘बाबांना काय सांगू’, ‘शेजारचा किती भराभर लिहितोय’ हे विचारही याच तोकड्या जागेत येऊन बसतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकल आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये आणि पुढे २००७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: काळजी लक्ष खाते, आणि तेवढंच लक्ष उत्तरासाठी कमी पडतं.

आता कामाला लागू. एक साधी वही घ्या. परीक्षेला सहा आठवडे असताना सुरुवात केली तर उत्तम, कमी वेळ असेल तर पायऱ्या तशाच ठेवून मधलं अंतर कमी करा.

पहिली पायरी: चिंतेचा आकडा काढा

चिंता मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. जॅनेट टेलर यांची ५० विधानांची प्रश्नावली १९५३ मधली. मॅक्स हॅमिल्टन यांची १४ मुद्द्यांची मापनश्रेणी १९५९ मधली, आणि ती रुग्णाशी बोलून डॉक्टर भरतात. १९७० मध्ये चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या प्रश्नावलीने एक भेद सर्वत्र रुजवला, आणि तो आपल्या फार उपयोगाचा आहे: या क्षणाची चिंता वेगळी आणि स्वभावातली चिंता वेगळी. परीक्षेच्या सकाळी छातीत धडधडणं ही पहिली. बारा महिने, कारण असो-नसो, जीव टांगणीला लागल्यासारखा वाटणं ही दुसरी. या दोन्हींसाठी त्यांनी वीस-वीस विधानांचे दोन स्वतंत्र भाग केले.

तुम्हाला घरी वापरायला सोपी आणि विनामूल्य आहे ती जीएडी-७, ही चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोएन्के आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या २ आठवड्यांत पुढचे त्रास किती वेळा झाले, एवढंच ती विचारते. प्रश्नांचा आशय मी बोलीभाषेत देत आहे:

१. अस्वस्थ, घाबरल्यासारखं, ताणल्यासारखं वाटणं
२. काळजी थांबवता किंवा आवरता न येणं
३. निरनिराळ्या गोष्टींची फार काळजी करत राहणं
४. निवांत होणं अवघड जाणं
५. एका जागी बसवेना इतकी चुळबुळ होणं
६. पटकन चिडणं, वैतागणं
७. काहीतरी भयंकर घडणार आहे अशी भीती वाटणं

‘अजिबात नाही’ला ०, ‘काही दिवस’ला १, ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला २ आणि ‘जवळजवळ रोज’ला ३ गुण. बेरीज ० ते २१ यांच्यात येईल. ४ पर्यंत नगण्य, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ आणि पुढे तीव्र, असा तिचा अर्थ लावतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आकडा हाती आला की माणसं एक तर घाबरतात किंवा त्याला निदान समजून बसतात. मूळ अभ्यासात १० ही सीमा धरली तेव्हा सार्वत्रिक चिंताविकार (सततची, न आवरणारी काळजी) असलेल्यांपैकी ८९ टक्के लोक या प्रश्नावलीने बरोबर ओळखले, आणि विकार नसलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना बरोबर ‘नाही’ म्हटलं. ऐकायला हे भक्कम वाटतं. आता समजा, १००० माणसं आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर हा विकार आहे. प्रश्नावली त्यांतले साधारण ४५ पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १८ टक्के, म्हणजे १७१ जणांचेही गुण १० किंवा त्याहून जास्त येतील. एकूण २१६ जणांना ‘चिंता आहे’ असा आकडा मिळाला, त्यांत खरा विकार असलेले ४५, साधारण पाचात एक. म्हणून १० किंवा जास्त आकडा आला तर त्याचा अर्थ ‘तज्ज्ञाशी बोलून खात्री करून घ्यावी’ इतकाच घ्यायचा (नेमकं कधी भेटायचं ते शेवटी येईल). ‘मला आजार आहे’ असा तो घ्यायचा नाही.

मोजमापाचे आणखी काही नियम पाळा. प्रश्नावली २ आठवड्यांचा काळ विचारते, तेव्हा ती रोज भरण्यात अर्थ नाही. आज, तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, पाचव्याच्या सुरुवातीला आणि सहावा संपताना भरा. शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी. सराव परीक्षेचा निकाल लागला त्याच संध्याकाळी भरू नका. आणि आकडा ९ चा ८ झाला किंवा ७ चा ९ झाला तर त्यातून काही निष्कर्ष काढू नका. एवढा फरक नुसत्या मूडनेही पडतो. ४ किंवा जास्त गुणांनी आकडा हलला तर बदल खरा असण्याची शक्यता बरीच आहे.

तुमचं वय १८ पेक्षा कमी असेल तर भरलेला कागद घरातल्या मोठ्या माणसाला किंवा शाळेतल्या समुपदेशकांना दाखवा. घरच्यांनीही तो पाहून ‘यात घाबरण्यासारखं काय आहे’ असं म्हणू नये. मुलाने खरा आकडा लिहिला हाच त्याचा तुमच्यावरचा विश्वास आहे.

दुसरी पायरी: रोजचे दोन आकडे, डोक्याचा आणि शरीराचा

दोन आठवड्यांची बेरीज ढोबळ असते. रोजच्यासाठी जोसेफ वोल्पे यांची पद्धत सोपी आहे: त्रासाला स्वतःच आकडा द्यायचा. त्यांनी ० ते १०० वापरले, आपल्याला ० ते १० पुरेत. पण एक आकडा नको, दोन हवेत.

कारण असं. १९६७ मध्ये रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस यांनी परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे केले. एक भाग डोक्यातला: अपयशाचे, तुलनेचे, परिणामांचे विचार. दुसरा शरीरातला: घाम, धडधड, पोटात गोळा, हात थंड पडणं. त्यानंतरच्या संशोधनात सातत्याने दिसलं की गुण घसरण्याशी जास्त जवळचं नातं पहिल्या भागाचं आहे. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. हात थरथरतात म्हणून पेपर बिघडणारच, असं नाही.

वहीत रोज अभ्यासाला बसण्याआधी दोन रकाने भरा: ‘डोकं’ आणि ‘शरीर’. जोडीला एका ओळीत त्या वेळी काय चाललं होतं ते लिहा: चौथा चहा, रात्री चार तास झोप, मित्राचा ‘तुझं किती झालं?’ असा मेसेज. आठवडाभरात तुमचं तुम्हालाच दिसू लागेल की कोणता आकडा कशाने चढतो. हातातल्या घड्याळात दिसणारा ‘स्ट्रेस’चा आकडा इथे वापरू नका. ती घड्याळं हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउतारांवरून अंदाज बांधतात. जिना चढलात, कॉफी प्यायलात किंवा ताप असला तरी तो आकडा बदलतो, आणि डोक्यातला विचार त्याला कळत नाही.

तिसरी पायरी: आठवणीचं मोजमाप, तेही तुमच्या अभ्यासक्रमावर

‘माझी स्मरणशक्ती कमी आहे’ हे वाक्य मोजमापाशिवाय उच्चारू नये. आता ती मोजू. अभ्यासक्रमातली न वाचलेली तीन पानं निवडा, साधारण सारख्या अवघडपणाची. प्रत्येक पानावरचे वेगवेगळे मुद्दे आधी कुणाकडून तरी मोजून घ्या, समजा २० आहेत. एक पान १० मिनिटं वाचा आणि मिटवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि किती मुद्दे आले ते मोजा. तिन्ही पानांसाठी असं करून सरासरी काढा. एकाच पानावर विसंबू नका, ते नेमकं सोपं किंवा आवडीचं निघू शकतं.

आकडा कमी आला म्हणून खचू नका. हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजायचं, अशी त्यांची रीत होती. २० मिनिटांनी ५८ टक्के कष्ट वाचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच उरकतो, आणि नंतर घसरण मंदावते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा वक्र जवळपास तसाच मिळाला. तेव्हा एका दिवसात बरंच काही निसटलं तर तुमच्या मेंदूत बिघाड नाही.

मोबाइलवरच्या आकडे लक्षात ठेवण्याच्या खेळांनी स्मरणशक्ती मोजू नका, आणि वाढवायलाही जाऊ नका. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९८० मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याला एकदा ऐकून ७ आकडे लक्षात राहत. सुमारे २० महिन्यांच्या सरावानंतर तो सलग ७९ आकडे सांगू लागला. तो धावपटू होता, आणि आकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. त्याची झेप पुन्हा ६ वर आली. सरावाने त्याची आकड्यांची कला वाढली, ‘स्मरणशक्ती’ नावाचा स्नायू वाढला नाही.

२०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एड्रियन ओवेन यांच्या अभ्यासात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. त्या खेळांत ते तरबेज झाले, पण खेळाबाहेरच्या क्षमता वाढल्याचं दिसलं नाही. २०१६ मध्ये ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या अॅपची कंपनी अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेला २० लाख डॉलर देऊन तडजोडीला तयार झाली. आपल्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले, त्यांनाही शास्त्राचा काडीचा आधार नाही. त्या फीचे पैसे वाचवा. पोटाला चिमटा काढून ती भरणारे आईवडील पाहिले की जीव तुटतो.

चौथी पायरी: वाचणं कमी, आठवणं जास्त

या आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

२००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयांवरचे छोटे उतारे दिले. एका वेळी उतारा पुन्हा वाचायला सांगितला, दुसऱ्या वेळी वाचलेला उतारा न पाहता आठवून लिहायला सांगितला. ५ मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचलेला ४२ टक्के आठवला, आठवून लिहिलेला ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून वाचून जो आत्मविश्वास येतो तो त्या ५ मिनिटांचा असतो, आणि म्हणूनच तो दगा देतो.

आता या लेखाचे दोन धागे जिथे एकत्र येतात तो प्रयोग. २०१६ मध्ये अमेरिकेच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्क आणि आयाना थॉमस यांनी १२० जणांना शब्द आणि चित्रं शिकवली. निम्म्यांनी पुन्हा पुन्हा पाहून शिकायचं, निम्म्यांनी आठवून शिकायचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काहींना मुद्दाम ताण दिला: परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण करायचं आणि गणितं सोडवायची. पाहून शिकलेल्यांना ताण नसताना ३० पैकी जेमतेम ९ गोष्टी आठवल्या, ताणाखाली ७. आठवून शिकलेल्यांना ताण नसताना सुमारे १० आठवल्या आणि ताणाखालीही ११. म्हणजे घाबरलेले पण आठवून शिकलेले, हे निवांत बसलेल्या पण वाचून शिकलेल्यांच्या पुढे गेले.

एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये हे खरं. पण आठवून शिकण्याचा फायदा असंख्य प्रयोगांत दिसला आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. सर्वाधिक उपयोगी अशा दोनच ठरल्या, स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं. पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणं तळाला गेलं.

रोज असं करा. एक घटक समजून घेत वाचा, घाई न करता. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहा, क्रम चुकला तरी चालेल. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका. दोन-तीन मिनिटं धडपडा, ती धडपड म्हणजेच सराव. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरा आणि चुकलेलं दुरुस्त करा. ही दुरुस्ती टाळली तर चूकच पक्की होऊन बसते. दुसऱ्या दिवशी अभ्यास सुरू करताना आधी कालचं पान कोऱ्या कागदावर लिहा, मगच नवं हाती घ्या.

सुरुवातीचे काही दिवस हे फार जड जाईल. वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, आता काहीच येत नाही असं वाटेल. ‘डोकं’ रकान्यातला आकडा या दिवसांत वाढला तर तो अपेक्षितच आहे. मागे हटू नका.

आपल्याकडच्या पाठांतराला सरसकट नावं ठेवायचीही गरज नाही. पाढे एका सुरात म्हणणं आणि मध्येच कुणी ‘सतरा सत्ते किती?’ विचारल्यावर उत्तर देणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुने मास्तर उलटसुलट पाढे विचारत, ती आठवण्याचीच कसरत होती. घोकंपट्टीत नेमका हा दुसरा भाग गळून पडतो.

पाचवी पायरी: उजळणीचं अंतर

आठवायचं कधी, हा पुढचा प्रश्न. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं. परीक्षा आठवड्याने असेल तर उजळणीचं उत्तम अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के निघालं, म्हणजे साधारण दीड ते तीन दिवस. परीक्षा वर्षाने असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे ढोबळ मानाने तीन ते पाच आठवडे. परीक्षा जितकी दूर, तितकं अंतर मोठं.

सहा आठवड्यांसाठी मी सुचवेन ते वेळापत्रक असं: शिकलात तो दिवस, मग दुसरा, पाचवा, बारावा आणि सव्विसावा दिवस. हे दिवस दगडावरची रेघ नाहीत, एक-दोन दिवस मागेपुढे चालतील. व्याख्या, सनावळ्या, सूत्रं, कलमं अशा सुट्या माहितीसाठी जर्मनीचे सेबास्टियन लाइटनर यांची खोक्यांची पद्धत वापरा. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पाच खोकी. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिलं खोकं रोज पाहायचं, पुढची खोकी वाढत्या अंतराने. ‘अँकी’ हे अॅप हेच काम करतं. पण फोन हातात घेतला की तासभर गेला असं होत असेल तर कागदी कार्डंच बरी.

सहावी पायरी: क्रम लक्षात ठेवायचा असेल तर घर वापरा

लांबलचक यादी क्रमाने लक्षात ठेवायला स्थानपद्धत (ओळखीच्या जागेत मनाने फिरत एकेका ठिकाणी एकेक चित्र ठेवणं) हे प्राचीन ग्रीक-रोमन वक्त्यांचं तंत्र आजही उत्तम चालतं. २०१७ मध्ये मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी स्मरणस्पर्धांतले अव्वल २३ खेळाडू तपासले, आणि नवख्यांना सहा आठवडे रोज अर्धा तास हे तंत्र शिकवलं. आधी ७२ शब्दांपैकी सरासरी २६ आठवणारे हे लोक नंतर ६२ शब्द सांगू लागले. चार महिन्यांनीही फायदा बऱ्याच अंशी टिकून होता.

कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे पाठ करून पाहू: वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. मनात घराच्या दारात उभे राहा. उंबऱ्यावर वैतागलेला पोस्टमन बसलाय: वैतरणा. चपलांच्या स्टँडवर उल्हासाने उड्या मारणारं पोर. बैठकीची फरशी फुटून पार पाताळापर्यंत भगदाड पडलंय. सोफ्यावर आंब्यांचा ढीग, रस गळतोय. आरशासमोर आजी खांद्यापर्यंत लोंबणारी कुंडलं घालून बघतेय. फ्रिजभोवती सावित्री वडाचा दोरा गुंडाळतेय. ओट्यावर वसिष्ठ ऋषी चहा गाळताहेत. आणि मोरीत पगडी घातलेले शास्त्रीबुवा भांडी घासताहेत. एकदा डोळे मिटून घरातून फेरी मारा, मग उलट दिशेने या. चित्र जितकं विचित्र आणि हलतं, तितकं ते टिकतं.

हे तंत्र क्रमासाठी आहे. नदीचं खोरं कसं तयार होतं हे समजून घ्यायला ते काही कामाचं नाही. तिथे चौथी पायरीच.

सातवी पायरी: धास्तीसकट सराव

चौथ्या आठवड्यापासून सराव परीक्षा खऱ्या परीक्षेसारख्या द्या. घरच्या टेबलावर, चहाचा कप शेजारी ठेवून नाही. अनोळखी खोली, लाकडी बाक, आजूबाजूला माणसं, घड्याळ, फोन बंद, खऱ्या पेपरचीच वेळ. आधी आणि नंतर ‘डोकं’ आणि ‘शरीर’ लिहा. या सराव परीक्षांतच पुढचे उपाय करून पाहा आणि जो लागू पडेल तोच मुख्य परीक्षेला न्या. त्या दिवशी काहीही पहिल्यांदा करू नका.

‘डोकं’ जास्त असणाऱ्यांसाठी दोन उपाय. टॉम बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेला उपाय असा: काळजीसाठी रोज ठरलेली वेळ आणि जागा ठेवायची, अर्धा तास. दिवसभरात काळजी डोकावली की कागदावर टिपून ‘सहा वाजता बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं. सहा वाजता खरंच बसून ती यादी पाहायची. दुसरा उपाय पेपरच्या आधीचा. जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी १० मिनिटं मनातली भीती मोकळेपणाने लिहायला लावली, आणि चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण वाढले. पुढे सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही. कुणाला तो लागू पडतो, कुणाला नाही.

‘शरीर’ जास्त असेल तर जेरेमी जेमिसन यांचा २०१० मधला अभ्यास लक्षात ठेवा. चाचणीआधी ज्यांना सांगितलं की ही धडधड कामगिरीला मदत करू शकते, त्यांचे गणिताचे गुण बाकीच्यांपेक्षा चांगले आले. धडधड थांबवत बसू नका. ‘अंग तयारीला लागलंय’ असं स्वतःला सांगा आणि श्वास आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सावकाश बाहेर सोडा, पाच-सहा वेळा. मित्राने दिलेली ‘धडधड कमी करायची गोळी’ मात्र घेऊ नका. ती बहुधा प्रोप्रानोलॉल असते. दमा असलेल्यांना ती धोकादायक आहे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती कुणीच घेऊ नये.

ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर जातं, आणि ते चढलेलं असताना माहिती आठवणं अवघड होतं. म्हणून केंद्राच्या फाटकावर ‘तू हा चॅप्टर केलास का?’च्या गर्दीत उभे राहू नका. पालकांनीही तिथे शेवटची उजळणी घेऊ नये. पाण्याची बाटली द्या, हॉल तिकीट पाहा आणि बाजूला व्हा.

झोपेबद्दल थोडक्यात. जॉन जेनकिन्स आणि कार्ल डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की शिकल्यानंतर झोपलेला माणूस जागं राहिलेल्यापेक्षा कमी विसरतो, आणि शंभर वर्षांत तो निष्कर्ष पक्काच होत गेला आहे. शेवटच्या आठवड्यात रात्रीची जागरणं बंद. संध्याकाळनंतर चहा-कॉफीही बंद.

आठवी पायरी: पुन्हा मोजा आणि आकडे वाचा

सहावा आठवडा संपताना जीएडी-७ भरा आणि तीन नव्या पानांवर आठवणीची तीच चाचणी घ्या. जुनी पानं घेऊ नका, ती आता पाठ असतील. यावेळी १० मिनिटांतली ५ वाचायला आणि ५ आठवून लिहायला द्या, कारण आपल्याला हीच पद्धत तपासायची आहे.

आठवणारे मुद्दे वाढले पण चिंता तेवढीच राहिली, असं बऱ्याच जणांचं होईल. परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे चिंता आपोआप उतरणार नाही. सराव परीक्षेतले गुण स्थिर असतील तर आहे त्या चिंतेसह पेपर द्या. चिंता उतरली पण मुद्दे वाढले नाहीत तर चौथ्या पायरीत कुठे सूट घेतली ते वहीत पाहा. बहुतेकदा लाल पेनाची दुरुस्ती किंवा दुसऱ्या दिवशीची उजळणी राहिलेली असते.

चिंतेचा आकडा दोनदा लागोपाठ १० किंवा जास्त आला, एकदाही १५ किंवा जास्त झाला, झोप-जेवण-अभ्यास कोलमडले, अचानक श्वास कोंडून आता मरणारच असं वाटण्याचे झटके आले, तर वही बाजूला ठेवा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. थायरॉइड जास्त काम करत असेल तरीही हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात, तेव्हा रक्ततपासणीबद्दलही विचारा. चिंताविकारावर बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादातून होणारा उपचार) आणि गरज पडल्यास औषधं, दोन्हींचा चांगला उपयोग होतो. प्रवासाची किंवा पैशांची अडचण असेल तर केंद्र सरकारची टेली मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर प्रश्नावलीचे गुण मोजत बसू नका. त्याच मिनिटाला घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि १४४१६ ला फोन लावा.